डाव्या कानातलं मेण

लिऑन, ९ जानेवारी

प्रिय मामा,

फोन का उचलत नाहीस? आठवडा झाला, रोज करतेय. आई म्हणते, "घरातच असतो तो, मला खिडकीतून दिसतो. फोन वाजला की सापाकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत बसतो." म्हणून आता हे पत्र. हे तरी वाच.

स्तोत्र झालं, मामा. खरंच झालं. गिल्दास गेल्यापासून तीन वर्षं डोक्यात नुसतं घोंघावत होतं, ते कागदावर उतरलं. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आपल्या चर्चमध्ये गायचं, असं फादर ओदिलोंनी कबूल केलंय. सोआझिगचं कॉयर गाईल. आणि आठपैकी चार कडवी तुझी.

जुन्या रीतीनेच बांधलंय. एक कडवं कॉयरचं, एक ऑर्गनचं. ऑर्गनच्या वाट्याचे शब्द कुणी गायचे नाहीत, लोकांनी मनात म्हणायचे आणि तू वर माळ्यावरून ते ऑर्गनवर बोलायचे. तुझ्या पानांवर मी जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. कॉयर कुठल्या सुरावर थांबतं आणि तू त्यांना कुठल्या सुरावर आणून सोडायचं, एवढंच. तुझ्या शेवटच्या सुरावरूनच ते पुढचं कडवं उचलणार. मधलं सगळं तुझं, ऐन वेळी सुचेल ते.

दुसरं कडवं मुद्दाम तुला दिलंय. बुडणारा माणूस देवाला म्हणतो, जरा कान दे, ते. ते माणसाच्या गळ्यातून ऐकायची माझी ताकद नाही.

आता आईचं. 'फिदेल' बोट बुडाली तेव्हा बाकीचे चौघं सापडले, आपला गिल्दास नाही. ज्याचं शव येत नाही त्याचा मेणाचा क्रूस पुरायचा, ही आपल्याकडची रीत. पण लेकाचा क्रूस तिने उशाशी ठेवलाय. "आलाच नाही अजून, तर पुरू कुणाला?" म्हणते. परवा मात्र आपणहून बोलली. "तेओफिलला वाजवू दे त्याच्यासाठी. त्याचं वाजवणं ऐकलं की मी क्रूस देईन." तिच्या हृदयाचं तुला माहीत आहे, डॉक्टर नुसती मान हलवतात. तिला एकदा तरी सुखाची झोप लागावी, एवढंच मला हवंय. आणि दुसऱ्या कुणाचं वाजवणं तिला चालणार नाही. हो म्हण.

तुझी
एनोरा


केरवेल, २० जानेवारी

एनोरा पोरी,

फोनवर तुझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. पत्रात तू शहाणी वाटतेस. तेव्हा पत्रच बरं.

तुझे कागद चाळले. देवा रे! हे सूर आहेत की कच्ची सफरचंदं? दात आंबले माझे. पण तिसऱ्या कडव्यात पुरुष खाली खाली उतरत जातात आणि बायका वरच लटकत राहतात ना, तिथे मी पियानोवरून उठलो आणि भांडी घासायला गेलो. रडू आलं की मी भांडी घासतो, तुला ठाऊकच आहे. घासलेलीच पुन्हा घासली.

हो म्हणतो. विचारायचं काय त्यात? चाळीस वर्षं ऑर्गनच्या त्या बाकावर बसून माझी पाठही बाकासारखी झाली. फादर ओदिलोंना मला घरी बसवायचंय. गेल्या रविवारी म्हणाले, "ल गुएन, आता गुडघ्यांना जिना सोसत नसेल." मी म्हटलं, "फादर, गुडघे देवापुढे टेकायला असतात. जिना मी पायांनी चढतो." गिल्दासचं स्तोत्र वाजवीन आणि मग माळ्याची किल्ली त्यांच्या हातात देईन. त्याआधी कुणाच्या बापाला देणार नाही.

सोआझिगचं कौतुक मात्र माझ्याकडून ऐकायला मिळायचं नाही. काल शाळेत संगीत शिकवायला आली आणि आज मला सांगते, किती वाजवायचं. कानामागून आली आणि तिखट झाली. परवा खालून ओरडली, "गुएनकाका, वर झोपलात की काय?" उत्तर म्हणून मी ऑर्गनची सगळ्यात जाड नळी वाजवली. खाली कुणाचा तरी चष्मा पडला म्हणे.

ताईला सांगितलं, वाजवतो म्हणून. ती धिरडी करत होती. दोन माझ्या ताटात वाढली, तिसरं गिल्दासच्या. ते ताट ती अजून मांडते.

तुझा
मामा


केरवेल, १५ जून

एनोरा पोरी,

तालमी सुरू झाल्या. खरं काय ते मीच सांगतो, कारण सोआझिग सांगणार नाही.

तुझं कॉयर चढतं. पहिलं कडवं संपेस्तोवर अर्धा सूर वर गेलेलं असतं, आणि सगळे एकदम, मेंढरांसारखे. मी म्हटलं, जाऊ दे, आपलीच माणसं. दिवसभर मासळी कापून, बर्फात हात घालून संध्याकाळी गायला येतात. त्यांची अब्रू कशाला काढायची? म्हणून मीही अर्धा सूर वर जाऊन त्यांना गाठतो. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. तर काय, माझ्यावरून पुढचं कडवं उचलतात आणि पुन्हा अर्धा सूर चढतात! असं करत करत सातव्या कडव्याला बायका किंचाळायला लागल्या. दंतवैद्याची बायको लालबुंद होऊन खालीच बसली.

आणि सोआझिग कुणाकडे डोळे वटारते? माझ्याकडे. नाचता येईना अंगण वाकडं. मी कडी लावली आणि घरी आलो. माझं नाव न घेता तिला दोन ओळी लिही. म्हणावं, पोरांना धरून ठेव, पतंगासारखी सोडू नकोस.

ताईची तब्येत आहे तशीच. जिना चढताना मध्ये थांबते आणि मला सांगते की समुद्र बघतेय. त्या जिन्यावर खिडकी नाही.

मामा


लिऑन, ३ सप्टेंबर

मामा,

सोआझिगने तालमीचं रेकॉर्डिंग पाठवलं. तक्रार नाही, चिठ्ठी नाही, नुसतं रेकॉर्डिंग. मी पियानोवर एकेक सूर ताडून पाहिला. कॉयर केसभर हललेलं नाही. चढता तुम्ही. दर खेपेला अर्धा सूर, बरोबर अर्धा. इतकं मापात कुणी चुकत नसतं.

तुमची ही खोड साऱ्या गावाला माहीत आहे. म्हातारा रोपार्स कॉयर सांभाळायचा तेव्हा ते सुरातून घसरलं की तुम्ही मूळ सुरात धाडकन शिरायचात, म्हणजे शेवटच्या बाकावरच्यालाही कळावं कोण घसरलं ते. लोक अजून हसून सांगतात. मीही हसलेय. पण रोपार्सची माणसं खरंच घसरायची. ही माणसं बरोबर गातात, तुम्ही त्यांना खोटं पाडता, आणि वर मला लिहिता की मी त्यांची अब्रू झाकतो! साळसूदपणाची कमाल झाली.

त्या तालमीला आई मागे येऊन बसली होती. ठाऊक आहे? सातव्या कडव्याला कानांवर हात ठेवून बाहेर गेली. रात्री मला फोनवर म्हणाली, "तेओफिलला गिल्दासचं काहीच वाटत नाही का गं?" मी काय सांगू तिला? तुम्हीच सांगा.

वाजवायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. मी रेन शहरातून दुसरा वाजवणारा आणते.

एनोरा


केरवेल, २६ सप्टेंबर

एनोरा,

"तुम्ही" म्हणालीस. तू चार वर्षांची असताना माझ्या मांडीवर मुतली होतीस आणि "मामा, तूच केलंस" म्हणाली होतीस. तेव्हासुद्धा "तू" होतं.

दोन दिवस तुला शिव्या घातल्या. मग माळ्यावर गेलो. एकच पट्टी दाबली आणि उजव्या कानात बोट घातलं. मग तीच पट्टी, बोट डाव्या कानात. मग पुन्हा उजव्या. पोरी, एकाच पट्टीचे दोन सूर येतात. माझा डावा कान अर्धा सूर चढा ऐकतो.

बाकावर बसलं की उजवा कान नळ्यांकडे असतो आणि डावा खाली चर्चकडे. उजव्याला नळ्यांनी बधीर केलंय, त्याला फक्त जवळचं आणि मोठं ऐकू येतं, पण जे येतं ते खरं. डाव्याला लांबचं ऐकू येतं, पण खोटं. ऑर्गन मी खऱ्या कानाने ऐकत होतो आणि कॉयर खोट्या. ब्रेस्तच्या डॉक्टरांना दाखवून आलो. वयाने होतं म्हणाले. औषध नाही. फोनचंही तेच, फोन मी डाव्याच कानाला लावतो. पत्र्याचा डबा माझ्याच डोक्यात होता.

मी वाईट बुद्धीने केलं नाही गं. ती माणसं चढतात असं मला खरंच वाटत होतं. मी त्यांची लाज झाकत होतो.

फादरना कळलं तर किल्ली त्याच दिवशी जाईल. तुझ्या रेनच्या माणसाला बोलाव, असं मी म्हणायला हवं. म्हणवत नाही. गिल्दासला मी पहिल्यांदा त्या बाकावर बसवलं तेव्हा त्याचे पाय लोंबकळत होते. आणि ताईने माझं नाव घेतलंय. ही चार कडवी मला वाजवू दे. भीक मागतोय असं समज. आणि सांगू नकोस, ताईला नाही, सोआझिगला तर नाहीच नाही.

मामा


लिऑन, २ ऑक्टोबर

माझ्या मामा,

तू, तू, तू, तू. झालं समाधान?

माझ्या त्या पत्राचे तुकडे कर आणि चुलीत घाल. मला लाज वाटते. ऐकायचं शिकवलंस तू मला, आणि रेकॉर्डिंग ऐकताना तुझं काहीतरी बिघडलंय हे काही मला ऐकू आलं नाही. खोड तेवढी ऐकू आली.

आता नीट वाच. दोन दिवस हाच विचार करतेय. तू कॉयर ऐकूच नकोस. डाव्या कानात मेणाचा बोळा घाल, घट्ट. ते कुठे थांबणार ते तुझ्या कागदावर आहे, तू त्यांना कुठे आणून सोडायचं तेही आहे. ऐकायची गरजच काय? सुरुवात कधी करायची तेवढं कळलं की झालं. त्यासाठी फादरांचा खुणेचा लाल दिवा आहे ना तुझ्या डोळ्यांसमोर? त्याचं बटण सोआझिगच्या हाताशी ठेवायचं. दिवा लागला की तू सुरू.

तिला मी कळवते, की दोघांच्या मध्ये मला अमुक इतकीच शांतता हवी आहे, म्हणून दिवा. संगीतकाराची लहर. आम्हा आजकालच्या लोकांचं काहीही खपतं. कानाचा विषयच निघणार नाही. कुणाला सांगणार नाही, शब्द देते.

देवा, कान दे, असं म्हणणारं कडवं तू कान बंद करून वाजवणार. हसावं की रडावं कळत नाही.

तुझीच
एनोरा


केरवेल, २८ ऑक्टोबर

एनोरा पोरी,

जमलं! तीन तालमी झाल्या, सांधा कुठे सापडत नाही. काल जिन्याखाली सोआझिग उभी होती, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "गुएनकाका, माफ करा, मी तुमच्याबद्दल नाही नाही ते बोलले." मी म्हटलं, "काय?" खरंच ऐकू आलं नव्हतं, मेण काढायचं राहिलं होतं. तिला वाटलं, म्हाताऱ्याने मोठ्या मनाने सोडून दिलं. मिठी मारली मला. पोरगी वाईट नाही. तिच्याविषयी मागे लिहिलेलं विसर.

औषधाच्या दुकानातलं मेण गळून पडायचं. गिल्दासचा क्रूस केला तेव्हाचा एक गोळा ताईकडे उरला होता, तो मागून आणला. माझं दार करकरतं, त्याला लावायला, असं तिला सांगितलं. तो कानात बसला बरोबर. माळ्याच्या दाराला हल्ली आतून कडी घालतो. फादर ओदिलोंना पाहुणे घेऊन ऑर्गन दाखवायला वर यायची सवय, आणि कानातून मेण डोकावताना दिसलं म्हणजे संपलं.

शेवटचं कडवं माझं आहे, सुटकेचं. ते चालू असताना पाचही घरची माणसं वेदीपर्यंत जाणार. चार घरं मेणबत्त्या घेऊन, ताई क्रूस घेऊन, सगळ्यांत पुढे. क्रूस ती वेदीवर ठेवणार आणि दुसऱ्या दिवशी पुरायचा. कबूल झालीय! म्हाताऱ्या माणसांची रांग, वेळ लागेल, अशी फादरना काळजी. मी म्हटलं, ती माझ्यावर सोडा. रविवारी प्रसादाची रांग लांबली की ते दिवा लुकलुकवतात आणि मी वाजवत राहतो. लुकलुकणं थांबलं की आटपतो. आजवर रांगेला कधी मुकं चालावं लागलेलं नाही.

एकच सांगतो. मेण घातलं की वर फार एकटं वाटतं. खाली माणसं आहेत यावर नुसता विश्वास ठेवायचा. पण हात चालतात, पोरी. पोरासारखे चालतात. काल ताई म्हणाली, "आता मला झोप लागेल बघ."

शनिवारच्या गाडीने ये. धिरडी मी करीन.

मामा


केरवेल, २० नोव्हेंबर

एनोरा,

तू न बोलता गेलीस. स्मशानात समोर उभी होतीस आणि माझ्या खांद्यावरून समुद्राकडे बघत होतीस. ते बरोबरच आहे. तरी मी लिहितो. तुला फाडायचं असेल तर फाड.

वर काय झालं ते कुणी मला विचारलं नाही. सातवं कडवं कधी संपलं मला ठाऊक नाही. दिवा लागला, मी सुरू केलं. थोड्याच वेळात तो लुकलुकायला लागला. मी म्हटलं, रांग लांबलीय, म्हाताऱ्या हळू चालताहेत, ताईला दम लागला असेल, वाजवत राहू. लुकलुकणं थांबेना. फादर कधी इतका वेळ लुकलुकवत नाहीत. मला वाटलं, सगळं गावच उठून वेदीकडे चाललंय, गिल्दाससाठी. मग मी ऑर्गनचा आवाज वाढवणाऱ्या सगळ्या खुंट्या ओढल्या. दार हादरत होतं. मला वाटलं, मोठ्या नळ्यांनी हादरतंय.

सोआझिगने नंतर सगळं सांगितलं. ताई वेदीच्या पायरीशी कोसळली, आणि ती बटण दाबत सुटली. थांबा, थांबा, थांबा. फादरांची रविवारची खूण तिला कुणी सांगितलीच नव्हती. रविवारी बटणाशी ती नसते. आणि मी तर तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, एवढा आरडाओरडा या माणसाला ऐकू येतोय आणि हा थांबत नाही. माणसं वर धावली, कडी आतून. दार ठोकत राहिली.

दिवा विझला तेव्हा मी थांबलो. मेण काढलं. चर्चमध्ये टाळ्या नसतात, पण खोकलासुद्धा नव्हता. खाली आलो तर सगळे उभे, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. तू जमिनीवर बसली होतीस. तिचं डोकं तुझ्या मांडीवर.

किल्ली फादरना दिली. त्यांनी काही विचारलं नाही, मीच कान दाखवला. सोआझिगलाही दाखवला. ती भिंतीला टेकून खाली बसली.

तुझ्याकडे एक मागायचंय, मग पुन्हा काही मागणार नाही. सोआझिग म्हणते, ताईचे ओठ हलत होते आणि तुझा कान तिच्या तोंडाशी होता. काय म्हणाली गं ती? गिल्दासचं काही? क्रुसाचं? माझ्याविषयी वाईट असेल तरी लिही. रोज रात्री तिच्या तोंडी नवीन वाक्य घालतो मी. आता घालवत नाही.

तेओफिल


लिऑन, ८ डिसेंबर

मामा,

खाली "तेओफिल" लिहू नकोस. तू माझा मामाच आहेस.

तुझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तुला मारलं असतं, किंवा तुझ्या गळ्यात पडले असते. दोन्हीपैकी काय, ते मलाही माहीत नव्हतं. मेणाची युक्ती माझी होती. सोआझिगला थाप मी मारली. "त्याला ऐकू येत नाही" एवढं तिला आधी सांगितलं असतं, तर तिने वर तुझ्याजवळ कुणाला तरी बसवलं असतं. मी शब्द पाळला. इतकी वर्षं दिलेले शब्द मोडत आले, आणि नेमका तो पाळला.

क्रूस तिच्या मुठीत होता. सोडवता येईना, म्हणून तसाच तिच्याबरोबर गेला. तेव्हा तो पुरला गेला म्हणायचा.

तू विचारलंस ते. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार होते. "तेओफिल किती सुंदर वाजवतोय," असं म्हणाली, हे लिहिलंसुद्धा. फाडलं. मग लिहिलं, "गिल्दास आला." तेही फाडलं.

दंतवैद्य तिच्या छातीला कान लावून ओरडत होता, "बंद करा कुणीतरी ते!" त्याला तिचे ठोके ऐकायचे होते. त्याचं ओरडणं मला त्याच्या तोंडावरून कळलं. फादर काहीतरी म्हणत होते, तेही नुसतं दिसत होतं. आई माझ्याकडे बघत होती. एकदा बोलली, मी नाही म्हणून मान हलवली, तेव्हा पुन्हा बोलली. दुसऱ्या वेळी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मी कान तिच्या ओठांना लावला. तिचा श्वास लागत होता मला, गरम. शब्दही लागत होते, कानाच्या पाळीवर.

त्या दिवशी तू वाजवलंस तसं आयुष्यात कधी वाजवलं नाहीस. हे मी कुढून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितेय.

माझे दोन्ही कान चांगले आहेत, मामा. मला तूच ऐकू आलास.

एनोरा